बिननावाची बटणं: सुरतेतले पाच दिवस

सुरतेहून परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीतल्या दोघी जणी भेटल्या. एकीने विचारलं, काय काय पाहिलंत सुरतेला? लगेच दुसरीने तिला कोपराने ढोसलं. तिच्या बांगड्या वाजल्या म्हणून मला ते कळलं. मला वयाच्या नवव्या वर्षापासून दिसत नाही. पण प्रश्नात चुकीचं काही नव्हतं. मी बरंच पाहून आले होते आणि सांगायलाही आवडलं असतं, पण तेवढ्यात लिफ्ट आली. म्हणून हे लिहिते आहे.

नाशिकच्या एका बँकेत मी चोवीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. आता दृष्टी गेलेल्या किंवा जात चाललेल्या बायकांना मोबाइल शिकवते. दर रविवारी सकाळी फोनवरच आमचा वर्ग भरतो. पूर्वी आमच्यासाठी वेगळी यंत्रं मिळत, महाग आणि बोजड. आता दुकानातून कुठलाही फोन आणा, बोलका आवाज त्यात आधीच बसवलेला असतो. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते तो मराठीत सांगतो, आणि दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. अलीकडे तर कॅमेरा समोर धरला की समोर काय आहे याचं वर्णनही करतो. कधी बरोबर, कधी छातीठोकपणे चूक.

या वर्गात सहा-सात महिने एक बाई नुसती ऐकत असे. नाव विचारलं की फोन बंद. मग एक दिवस तिचाच फोन आला. ती ज्योती. माहेर अमळनेरचं, सासर शिरपूरकडचं, राहणं सुरतेत लिंबायतला. साड्यांच्या एका घाऊक पेढीत सोळा वर्षं ऑर्डरी घ्यायचं काम. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. आधी अंधारात दिसेनासं झालं, मग कडेचं दिसेना, आता समोरचा वाटीएवढा तुकडा उरला होता, आणि त्यातलेही रंग फसवत होते. पेढीत नवं ॲप येणार होतं. आजवर फोनवर बोलून मिळणाऱ्या ऑर्डरी आता त्यात फोटोंसकट येणार. तिने राजीनामा लिहून ठेवला होता. तो द्यायच्या आधी एकदा समोर बसून शिकून बघावं असं तिच्या मनात आलं. नाशिकला यायचं तर रजेचं कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण तिने पेढीत कोणालाच सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, मग मीच येते.

मंगळवार, लिंबायत

नाशिक ते सुरत बसने. सापुताऱ्याचा घाट माझ्या पोटाच्या चांगला लक्षात राहिला, त्याबद्दल इतकंच पुरे. स्टँडवर ज्योतीचे यजमान संजयभाऊ घ्यायला आले होते. ते लूमच्या कारखान्यात आहेत. त्या कारखान्याला इथे ‘खातं’ म्हणतात. बरीच वर्षं मागांच्या आवाजात काढल्यामुळे ते मोठ्याने बोलतात. रिक्षात त्यांनी मला रस्ता सांगितला तो सगळ्या चौकाला ऐकू गेला असेल.

लिंबायत मला आवडलं. गल्ल्या अरुंद, पण प्रत्येकीचा आवाज निराळा. एकीत मागांची एकसारखी खटाखट, पायाखालची जमीन हलकी थरथरते. पुढच्या गल्लीत भरतकामाच्या मशिनी, त्यांचा आवाज बारीक आणि घाईचा. मग अचानक शांतता, कढीपत्त्याची फोडणी, आणि कोणीतरी अहिराणीत कोणालातरी झापतंय. दुसऱ्या दिवसापासून घराची गल्ली मी आवाजावरून ओळखू लागले. नाशिकला माझ्या घराकडे जाताना मला वळणं मोजावी लागतात. इथे नुसतं ऐकलं तरी पुरत होतं.

ज्योतीच्या सासूबाईंनी दारातच माझा हात धरला. त्यांना सगळे आजी म्हणतात, म्हणून मीही म्हटलं. चाळीस वर्षं सुरतेत काढूनही त्यांची भाषा शिरपूरचीच आहे.

“तुले दिखत नही, मंग एकली कशी उनी?” त्यांनी विचारलं.

बसने आले, असं मी सांगितलं. मग त्यांनी मला घरभर फिरवून प्रत्येक वस्तूवर माझा हात ठेवला. माठ, कपाट, देव्हारा, खाट. मला कोणीच आजवर इतक्या पद्धतशीरपणे घर दाखवलेलं नाही. जेवायला कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा होता. गुजरातेत आल्यावर सगळं गोड मिळणार अशी मनाची तयारी करून गेले होते, आणि पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं.

जेवणानंतर शिकवणी सुरू केली. ज्योतीचा हात हुशार होता, पण डोळा मध्ये मध्ये येत होता. बोट फिरवताना ती फोन नाकाजवळ नेऊन बघायची, जे दिसलं ते बरोबर मानायची आणि चुकायची. मी तिला पडदा काळा करायला शिकवलं. फोन चालू राहतो, फक्त पडद्यावर काही दिसत नाही. त्यावर ती म्हणाली की मी आंधळी झालेली नाही, मला अजून दिसतंय. मी म्हटलं, दिसतंय ते राहू दे. ते दार, पायरी आणि माणसांचे चेहरे बघायला वापर. फोनसाठी खर्च करू नकोस.

तासाभरात ती पडद्याकडे न बघता निरोप लिहू लागली.

मंगळवार संध्याकाळ, तापीकाठ

थंडीचे दिवस होते. या दिवसांत सुरतेत पोंक मिळतो. पोंक म्हणजे आपला हुरडा, कोवळी ज्वारी भाजून मळलेली. आपल्याकडे हुरडा खायला शेतावर जायचं, आगटीभोवती बसायचं आणि गूळ, दाण्याची चटणी घ्यायची. सुरती माणसाने तो शहरात आणला. नदीपलीकडे पुलाजवळ ओळीने मांडव घातलेले असतात, तिथे तो पोंक लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर आणि साखरेच्या दाण्यांबरोबर देतात. सोबत गरम पोंकवडे. हुरड्यावर शेव हे ऐकायला विचित्र वाटेल. मी दोनदा घेतला.

फोनच्या कॅमेऱ्याला मी विचारलं, पुढ्यात काय आहे. तो म्हणाला, हिरवे मणी भरलेली ताटली. ज्योतीला हसू आवरेना. तिचं ते पहिलं हसू.

निघेपर्यंत अंधार पडू लागला होता, आणि तिचं बोलणं तुटक झालं. मांडवांच्या दोऱ्या, खुंट्या, स्कूटरी, यांतून तिला पुढचं काहीच दिसत नव्हतं. थोडा वेळ तिने चालून पाहिलं. मग माझा कोपर धरला. माझ्या हातात पांढरी काठी, मागे ती. ज्या शहरात मी त्या दुपारी पहिल्यांदा पाय ठेवला होता, त्या शहरात मी तिला रस्त्यापर्यंत नेलं.

तिथे रिक्षाची वाट बघताना तिने मला खरी गोष्ट सांगितली. गेल्या दिवाळीच्या आधी इंदूरच्या एका व्यापाऱ्याने गडद वाइन रंगाच्या साड्या मागवल्या होत्या. ज्योतीने काळ्या काढून ठेवल्या. पार्सल बांधलं भावनाने. भावना तिच्याच शेजारच्या गादीवर बसणारी, सुरतचीच, अकरा वर्षांची सोबतीण. माल परत आला. शेठनी सगळ्यांसमोर भावनाला धारेवर धरलं, कारण पार्सलवर सही तिची होती. भावना रडली. ज्योती तिथेच उभी होती आणि काही बोलली नाही.

“रोज तिच्याच डब्यातलं खाते मी,” ज्योती म्हणाली.

मी तिला म्हटलं की फोन शिकवणं माझ्या हातात आहे. हे दुसरं काम तुझं तुलाच करावं लागेल. ती म्हणाली, नोकरी सोडली की प्रश्नच मिटतो. मला ते पटलं नाही, आणि तसं मी तिला सांगितलं.

बुधवार, कापड मार्केट

सकाळी आजींनी कोणालातरी पाठवून लोचो मागवला. ढोकळ्याचं पीठ सैल झालं आणि कोणीतरी ते फेकून न देता वर तेल, शेव, कांदा घालून खाल्लं, असा हा पदार्थ असावा. फोनला दाखवला. त्याने ‘पिवळा चुरा, बहुधा भात’ असं सांगितलं. आजींना फोनचं हे अज्ञान फार आवडलं आणि दिवसभर त्या शेजाऱ्यांना सांगत राहिल्या.

मार्केट ही एक प्रचंड इमारत आहे, आणि तशा इमारती शेजारी शेजारी कितीतरी. आत शिरताच नव्या कापडाचा वास येतो, थोडा खळीचा, थोडा रंगाचा. हातगाड्यांवर गासड्या घेऊन हमाल ओरडत जातात आणि जिन्यावरसुद्धा उजवी-डावी बाजू पाळावी लागते. माझी काठी पाहून चार अनोळखी माणसांनी मला न विचारता चार दिशांना ओढलं. हे आपल्याकडेही होतं, पण इथे ओढणारे सोबत पाण्याचा ग्लासही पुढे करत होते.

पेढीचे मालक हसमुखशेठ. साठीचे, आवाज मऊ. ज्योतीने माझी ओळख ‘नाशिकची बहीण, मार्केट बघायचंय’ अशी करून दिली. मला खोटं आवडत नाही, पण तिचं गुपित उघड करणं माझ्या अधिकारात नव्हतं. भावनाने मला तिच्या शेजारी जागा दिली आणि लगेच हातात साड्या ठेवल्या. ही जॉर्जेट, ही क्रेप, ही शिफॉन. ज्योती मागून, न बघता, नुसता हात लावून सांगत होती, कोणत्या साडीचं कापड किती वजनाचं आहे. सोळा वर्षं तिच्या बोटांत मुरलेली होती.

नवं ॲप त्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर आलं. दुसऱ्या दिवशीपासून ऑर्डरी त्यातूनच घ्यायच्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी जिन्याच्या कोपऱ्यात बसलो, एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. ज्योतीने बोट फिरवलं. फोन म्हणाला, बटण. पुढे सरकलं. बटण. खाली गेलं. बटण, बटण, चित्र, बटण.

ज्यांनी हे ॲप बनवलं त्यांनी बटणांवर सुंदर चित्रं काढली असतील, पण त्यांना नावं दिली नव्हती. बोलक्या आवाजाला नाव लागतं. ते कोणी आत लिहूनच ठेवलं नसेल तर तो तरी काय वाचणार? हे मी कितीदा पाहिलंय. बँकांच्या ॲपमध्ये, रेल्वेच्या, औषधांच्या. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. त्यांच्या खोलीत आमच्यातलं कोणी बसलेलं नसतं, एवढंच.

पण त्यावर एक तोडगा आहे. बिननावाच्या बटणाला फोनमध्ये आपलं आपण नाव देता येतं. कोणतं बटण काय करतं हे ज्योतीने भावनाला सहज विचारतेय असं दाखवून विचारून घेतलं आणि आम्ही नावं भरली. ‘घ्या.’ ‘रद्द.’ ‘पाठवा.’ ‘मागे.’ संध्याकाळपर्यंत ज्योती त्या ॲपमध्ये घरात फिरावं तशी फिरू लागली. मला माझा अभिमान वाटला. तिथेच माझं चुकलं.

गुरुवार

या दिवशी मी शहर बघायला जायचं ठरवलं होतं, पण ज्योती म्हणाली पहिला दिवस आहे, बसा. म्हणून मी भावनाशेजारी बसून चहा पीत होते तेव्हा ते घडलं.

ॲप सकाळी आपोआप नवं झालं होतं. बनवणाऱ्यांनी काही सुधारणा केली होती आणि तिच्यासोबत आम्ही दिलेली सगळी नावं पुसली गेली. बटणांच्या जागाही बदलल्या. भोपाळच्या जुन्या व्यापाऱ्याची मोठी ऑर्डर आली. ज्योतीच्या कानात फोन म्हणाला, बटण, बटण, बटण. तिने आठवणीवर विसंबून तिसरं दाबलं. आता तिथे ‘रद्द’ होतं.

दोन मिनिटांत व्यापाऱ्याचा फोन शेठना आला. शेठ आतून बाहेर आले. ऑर्डर कोणी रद्द केली, असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता म्हणाले, “भावना, आ तें कर्युं?” हे तू केलंस का?

भावनाने नाही म्हणायला तोंड उघडलं असेल. तिचा श्वास आत गेलेला मी ऐकला. त्याआधीच ज्योती उठली. तिच्या पुढ्यातली साड्यांची चळत घसरली.

“शेठ, वो मैंने किया,” ती म्हणाली. “और इंदौर का माल भी मैंने ही गलत निकाला था. भावना का कसूर नहीं था. मुझे दिखता नहीं है.”

शेठनी एकच विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, दोन वर्षं होऊन गेली. मग शेठ आत गेले आणि आधी भोपाळच्या माणसाची समजूत काढत बसले. भावना माझ्या शेजारून उठून निघून गेली. दुपारी तिने डबा एकटीने खाल्ला.

चारच्या सुमारास शेठनी आम्हा दोघींना आत बोलावलं. ज्योतीने माझी खरी ओळख सांगितली, खोटं बोलल्याची माफी मागितली. शेठ माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाले की ही हे काम करू शकेल का ते तुम्ही सांगा. मी म्हटलं, ती तुमच्या समोर बसली आहे, तिलाच विचारा. त्यांना ते जरा लागलं असावं, पण त्यांनी विचारलं.

ज्योतीने लांबण लावली नाही. कापड मी हाताने ओळखते, दोनशे व्यापारी आवाजाने ओळखते, कोणाला काय खपतं ते मला पाठ आहे. रंग दिसत नाहीत. आणि या ॲपची बटणं मुकी आहेत, ती बोलकी झाली तर ऑर्डर मी कोणाहीपेक्षा लवकर घेईन. ती हे सगळं सरळ आवाजात बोलली. आदल्या दिवशी जिन्याच्या कोपऱ्यात कुजबुजणारी बाई ती हीच का, असं मला वाटलं.

ॲप बनवणारे कतारगामला बसतात, उद्या जाऊन त्यांना भेटा, मी फोन करून ठेवतो, असं शेठ म्हणाले. शनिवारपर्यंत झालं तर ही जागा तुझी. नाही झालं तर घडी घालायच्या कामावर बस, मी तुला काढणार नाही. त्यांच्या दृष्टीने ती दया होती. ज्योतीने बाहेर आल्यावर मला विचारलं, सोळा वर्षांनंतर घड्या घालू? मी म्हटलं, उद्या सकाळी किती वाजता निघायचं ते सांग.

शुक्रवार, कतारगाम

कतारगाममध्ये हिरे घासतात. घासायच्या चाकाला इथे घंटी म्हणतात, पण ती वाजत नाही, घरघरते. आम्हाला जायचं होतं ते ऑफिस अशाच एका हिऱ्यांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. जिना चढताना खालून ती घरघर पायांना लागत होती. वर एकदम गारवा, एसीचा वास आणि की-बोर्डांची टकटक.

ज्याने ॲप लिहिलं होतं तो पारस, तिशीचा, नम्र. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, थंड छास, म्हणजे ताक, दिली, आणि मग समजावलं की हे ॲप व्यापाऱ्यांसाठी आहे, न दिसणारी माणसं ते वापरतील असं त्यांनी धरलंच नव्हतं. त्याचं बोलणं प्रामाणिक होतं. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी त्याचा फोन मागितला, बोलका आवाज चालू केला, पडदा काळा केला आणि फोन परत त्याच्या हातात दिला. म्हटलं, तुमच्याच ॲपमध्ये एक ऑर्डर घ्या.

तो हसला आणि सुरुवात केली. फोन म्हणू लागला, बटण, बटण, चित्र. आसपासची टकटक हळूहळू थांबली, दोघे-तिघे खुर्च्या सरकवून जवळ आले. पारसने पाच-सहा मिनिटं नेटाने प्रयत्न केला. मग फोन टेबलावर ठेवला.

“आ तो अमारी ज भूल छे,” ही तर आमचीच चूक, असं तो म्हणाला. आणि कामाला लागला.

प्रत्येक बटणाला नाव देणं हे त्यांच्यासाठी अवघड काम नव्हतं. पारस एकेक नाव लिहायचा आणि ज्योती तिच्या फोनवर तपासायची. गंमत म्हणजे नावं तिने सांगितली. त्याने गुजरातीत काहीतरी लांबलचक लिहिलं होतं, ती म्हणाली एवढं ऐकायला वेळ कोणाला आहे, नुसतं ‘घ्या’ लिहा. ‘रद्द’ आणि ‘घ्या’ शेजारी नकोत, हेही तिनेच सांगितलं. त्यावर पारसने मला विचारलं की या बेन पूर्वी कुठल्या कंपनीत होत्या का. मी म्हटलं, यांच्याकडे सोळा वर्षांचा अनुभव आहे, तुम्ही फक्त उशिरा भेटलात.

जेवायच्या वेळेपर्यंत बटणं बोलू लागली. उरली चित्रं. प्रत्येक साडीच्या फोटोपाशी फोन ‘चित्र’ म्हणून थांबायचा. कॅमेऱ्याच्या वर्णनाने पाहावं म्हटलं, तर त्याने रानी रंगाला गुलाबी म्हटलं, गाजरीला केशरी आणि रामा रंगाला निळसर हिरवा. कापडाच्या बाजारात हे चालत नाही. गुलाबी मागवणाऱ्याला रानी पाठवली तर माल परत येतो. पारसने मग फोटोखाली एक रकाना जोडला. ज्याला दिसतं त्याने फोटो चढवताना त्यात कापड, रंग, काठ लिहायचं, मग फोन ते वाचेल.

ज्योती म्हणाली, आमच्याकडे फोटो भावना चढवते.

पारसला त्यात अडचण काय ते कळलं नाही. मला कळलं. त्याचं काम झालं होतं आणि आमचं तिथपर्यंत येऊन अडलं होतं. गुरुवारपासून भावना ज्योतीशी एक शब्द बोलली नव्हती.

परत येताना वाटेत मी ज्योतीला घारी खायला घातली. घारी म्हणजे मावा-पिस्त्याचं जड पक्वान्न, वर गोठलेल्या तुपाचा थर. एकीच्याने संपत नाही. तिने निम्मी खाल्ली आणि उरलेली बांधून घेतली. कोणासाठी ते मी विचारलं नाही. पण ती घरी आजींनी खाल्ली, म्हणजे भावनाकडे न्यायचा धीर झाला नसावा.

शनिवार

माझी बस दुपारी होती. सकाळी सामान घेऊनच मार्केटला गेले. आजींनी निघताना माझ्या पिशवीत ठेच्याची बाटली घातली आणि म्हणाल्या, “हाई घर तुनंच शे, बाई. आते तुले सगळं ठाऊक शे.”

पेढी नुकती उघडत होती. गाद्यांवर चादरी पसरल्याचा आवाज, उदबत्ती. भावना आलेली होती. ज्योती तिच्यासमोर जाऊन बसली. ज्योतीच्या आवाजावरून ती खाली मान घालून बोलत होती हे कळत होतं. तिने कारणं दिली नाहीत. मी घाबरले होते आणि तुला ओरडा बसू दिला, एवढंच म्हणाली. तो दिवस मला रोज आठवतो, असंही. आणि आता मला तुझी गरज आहे, पण त्यासाठी माफी मागत नाही, ती वेगळी मागते आहे.

भावनाने एक साडी उलगडली, पुन्हा घडी घातली. कापडाची सळसळ मी मोजत होते.

“मने कहेवुं’तुं ने, ज्योती,” ती म्हणाली. “मारी पासे तो बे आंख हती.” मला सांगायचं होतंस ना, माझ्याकडे तर दोन डोळे होते.

आणि मग तिने स्पष्ट सांगितलं की राग अजून गेलेला नाही, जायला वेळ लागेल. पण फोन दे इकडे. तो रकाना कुठे आहे तो दाखव.

भावना लिहायला बसली. रानी, जॉर्जेट, बारीक सोनेरी काठ. गाजरी, क्रेप, काठ नाही. मध्येच एका फोटोपाशी अडली आणि ज्योतीला विचारलं, हिला वाइन म्हणायचं की मरून? ज्योती म्हणाली, इंदूरवाल्याला विचारून बघ. त्यावर भावना पहिली हसली. दबून, नाकातून, पण हसली.

अकराच्या आसपास पहिली ऑर्डर आली, सोलापूरच्या एका दुकानाची. ज्योतीने इअरफोन काढून ठेवला होता. फोन सगळ्यांसमोर मोठ्याने, भराभरा बोलत होता, इतका भरभर की भावनाला शब्द कळेनात. ज्योतीचं बोट एकदाही मागे आलं नाही. फोन म्हणाला, घ्या. तिने दोनदा टिचकी मारली. मग पाठवा. शेठ दारात उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी भावनाला आत बोलावलं. काय बोलले ते मला माहीत नाही, पण बाहेर येऊन तिने सगळ्यांसाठी लोचो मागवला, शेठच्या नावावर.

मी साडेबाराला निघाले. ज्योतीने आदल्या दिवशीच ठरवलं होतं की मला बसपर्यंत सोडायला यायचं, बसमध्ये जागा धरून द्यायची, खिडकीतून हात हलवायचा. पण दहा मिनिटांत एकामागून एक तीन ऑर्डरी आल्या. ती एका हाताने फोन धरून माझ्याकडे वळली, ताई, असं म्हणाली, आणि पुन्हा फोन बोलू लागला.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि जिना उतरले. हमालांना वाट दिली, रिक्षा केली, स्टँड गाठला. सुरतेच्या स्टँडवर मला सोडायला कोणी आलं नाही. ज्योतीला काम होतं.